दुर्मीळ पक्षिनोंदी जाहीर करण्याचे संकेत (मुंबई परिसर)

दुर्मीळ पक्षिनोंदी जाहीर करण्याचे संकेत : क्वचित दिसणारा, वाट चुकून आलेला किंवा घरट्यावर असलेला पक्षी आढळल्यास ती बातमी कोणाला, केव्हा आणि ठिकाणाच्या किती तपशिलासह सांगावी, याविषयी पक्षिनिरीक्षकांनी पाळावयाची रीत. मुंबईत ती बहुतांशी अलिखित आहे आणि नवख्याला ती सहसा एखाद्या ज्येष्ठाकडून ओरडा खाऊनच कळते.

या रीतीचा उगम दोन अंगांनी सांगता येतो. ब्रिटनमध्ये अंडीचोरांच्या धास्तीने दुर्मीळ पक्ष्यांची घरटी गुप्त ठेवली जात. मात्र स्कॉटलंडमधील लॉख गार्टन येथे 1958 साली कैकर (ऑस्प्रे) पक्ष्याचे घरटे चोरट्यांनी उद्ध्वस्त केल्यावर पुढच्याच वर्षी ते पहाऱ्यासह लोकांना खुले करण्यात आले. म्हणजे गुप्तता हा तेथेही एकमेव मार्ग नव्हता. दुसरे अंग मुंबईचेच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 मध्ये स्थापन झाली व तिचे नियतकालिक 1886 पासून निघू लागले. त्यातील छोट्या टिपणांत स्थळ, तारीख आणि पक्षी कसा ओळखला हे देण्याची शिस्त होती. सलीम अली व हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई आणि साष्टीतील पक्ष्यांचा आढावा 1936 पासून याच नियतकालिकात क्रमशः घेतला. गुप्ततेचा भाग बाहेरून आला असावा. अचूकतेचा आग्रह मात्र इथला, आणि तोच जुना मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

अचूकता सुटली की काय होते, हे रानपिंगळ्याच्या प्रकरणावरून दिसते. ब्रिटिश पक्षितज्ज्ञ ह्यूमने 1873 मध्ये या घुबडाचे वर्णन केले. 1884 नंतरचा एकच नमुना ज्ञात होता, तो ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्झहेगन यांचा. चिठ्ठीवर 1914 साल आणि दक्षिण गुजरातेतील मांडवी हे ठिकाण. शोध घेणारे या पत्त्याने फसत राहिले. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासणीअंती दाखवले, की तो मुळात जेम्स डेव्हिडसन यांनी 1880च्या दशकात खानदेशात मिळवलेला नमुना असून चोरून, पुन्हा पेंढा भरून त्याला नवी चिठ्ठी लावली होती. खोटे स्थळ बाजूला सारून जुन्या खऱ्या स्थळांकडे मोर्चा वळवल्यावर नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ (तेव्हा धुळे जिल्हा, 1998 पासून नंदुरबार) रानपिंगळा पुन्हा सापडला. पुढे 2014 मध्ये तो तानसा अभयारण्यात, म्हणजे मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या जंगलात आढळला. तात्पर्य, पक्षी जपण्यासाठी मुद्दाम चुकीचे ठिकाण लिहिणे हा उपाय संकेतात बसत नाही. ठिकाण झाकावे, बदलू नये.

नोंद आणि बातमी यांतील फरक येथे कळीचा आहे. नोंद पूर्ण करावयाची, बातमी मोजकी द्यावयाची. ई-बर्ड या 2002 मध्ये सुरू झालेल्या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळाने संवेदनशील जातींसाठी हीच सोय केली आहे. निरीक्षक नेमके ठिकाण भरतो, इतरांना मात्र नकाशावर सुमारे 20 किलोमीटर बाजूचा चौकोन दिसतो. ई-बर्डच्या संवेदनशील यादीत नसलेल्या जातीबाबत घरट्यातून पिले उडेपर्यंत थांबून मग सांगणे, हा सर्वमान्य तोडगा.

सर्वाधिक वाद तिबोटी खंड्यावरून होतात. हा पक्षी पावसाळ्यात कर्नाळा व कोकणातील ओढ्यांकाठी, मातीच्या उभ्या कडेत बीळ करून पिले वाढवतो. चोचीत सापसुरळी किंवा लहान खेकडा धरून तो जवळच्या फांदीवर बसून राहतो. बिळासमोर कॅमेरे असतील तर आत शिरत नाही आणि पिले तेवढा वेळ उपाशी राहतात. ‘लोकेशन?’ एवढ्या एका शब्दाचा प्रश्न म्हणूनच उद्धट समजला जातो. घरट्यांना वा अंड्यांना उपद्रव देणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत येते, हे अनेक छायाचित्रकारांना ठाऊक नसते. घुबडांच्या बाबतीत जादूटोण्यासाठी होणाऱ्या चोरट्या व्यापाराची भर पडते. त्यांचे दिवसाचे बसायचे झाड सांगत नाहीत. छायाचित्रही चुगली करते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून जीपीएसची माहिती काढून टाकली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास ती तशीच राहते. मागे ओळखीचा टॉवर दिसत असेल तर जीपीएसचीही गरज नाही.

खाडीकाठच्या पक्ष्यांबाबत नियम सैल आहेत. शिवडीला उघड्या चिखलावर पांगलेल्या शेकडो चिखल्यांत एखादा दुर्मीळ पक्षी आला, तर गर्दीचा त्याला फारसा त्रास नाही. तेथे संदेशात भरतीची वेळ हवी, कारण पाणी चढू लागले की पक्षी धक्क्याकडे सरकतात आणि भर भरतीत चिखलच उरत नाही. तेथील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या प्रसिद्धीने नुकसानापेक्षा लाभच झाला असे म्हणण्यास जागा आहे. ठाणे खाडीला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा व 2022 मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

मोसमी वाऱ्यांनी किनाऱ्यावर फेकलेल्या बूबीसारख्या समुद्रपक्ष्यांना गुप्ततेचा संकेत लागू नाही. त्यांची बातमी ठिकाणासह ताबडतोब द्यावयाची, आणि सोबत वनविभागाचा 1926 हा मदतक्रमांक. कारण थकून वाळूवर बसलेला पक्षी दिसला की बघे त्याला हमखास पुन्हा पाण्यात लोटतात.