चढत राहणारा सूर आणि विसरता न येणारा खलनायक

२००९ च्या फेब्रुवारीतली ती सोमवारची सकाळ अनेक मुंबईकरांना आठवत असेल. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये ऑस्करचा सोहळा चालू होता आणि आपल्या शहरात घडणाऱ्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ला एकामागून एक आठ पुरस्कार मिळाले. ध्वनिमिश्रणासाठी रसूल पूकुट्टी मंचावर गेले, ए. आर. रहमान यांना दोन बाहुल्या मिळाल्या. त्याच रात्री ‘द डार्क नाइट’ या बॅटमॅनपटाचीही आठ नामांकनं होती. त्यातली दोनच पदरात पडली. एक त्यातला खलनायक, जोकर, साकारणाऱ्या हीथ लेजर यांना, मरणोत्तर, सहायक अभिनेत्याचं. दुसरं रिचर्ड किंग यांना, ध्वनिसंकलनाचं.

खलनायक आणि आवाज! ही जोडी कुणी ठरवून लावली नसणार, पण विज्ञानाच्या अंगाने पाहिलं तर ती फार अचूक जुळली आहे. असा काळोखा सुपरहिरोपट आपल्याला खुर्चीच्या टोकावर बसवतो आणि त्यातला खलनायक वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाही, याचं श्रेय आपण सहसा अंधाऱ्या छायाचित्रणाला, पावसाला, काळ्या पोशाखाला देतो. एकदा त्यातला कुठलाही पाठलाग टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून पाहा. अंधार तेवढाच असतो, गाड्या तेवढ्याच वेगाने धावतात, पण छातीतली धडधड जवळजवळ नाहीशी होते. उत्कंठेचा मोठा वाटा कानातून आत शिरतो.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी युक्ती म्हणजे शेपर्डचा सूर.

बॅटमॅनची ती जाड चाकांची मोटारसायकल आठवते? तिचा आवाज वाढत जातो, चढत जातो, अजून चढतो, आणि गिअर बदलल्यावर जसा खाली यायला हवा तसा कधीच खाली येत नाही. रिचर्ड किंग यांनी एका विजेच्या मोटारीचा आवाज घेऊन तो कीबोर्डवर वेगवेगळ्या उंचीवर वाजवला आणि ते सूर एकमेकांवर असे चढवले, की वेग सतत वाढतोच आहे असा भास व्हावा. ही कल्पना त्यांची नव्हे. ती रॉजर शेपर्ड या मानसशास्त्रज्ञाची. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत संगणकावर आवाज तयार करून त्यांनी १९६४ साली ती शोधनिबंधात मांडली. पुढे जाँ-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकाराने पायऱ्यापायऱ्यांच्या या सुराला सलग घसरणाऱ्या मींडेचं रूप दिलं.

हे समजायला शाळेतलं एवढंच आठवायला हवं, की कंपनसंख्या दुप्पट झाली की तोच स्वर वरच्या सप्तकात जातो. मध्य सप्तकातला सा २२० हर्ट्झला धरला, तर मंद्रातला ११०, तारातला ४४०. तिन्ही ‘सा’च. म्हणजे स्वराची ओळख दोन गोष्टींनी पटते. तो सप्तकातला कोणता स्वर आहे ही एक, आणि तो कोणत्या सप्तकात आहे ही दुसरी. पहिली गोष्ट गोल फिरते: सा, रे, ग, म, प, ध, नी आणि पुन्हा सा. दुसरी सरळ वर चढत जाते. नेहमीच्या संगीतात दोन्ही हातात हात घालून चालतात. शेपर्ड यांनी त्यांची फारकत केली.

कशी? एकाच वेळी नऊ शुद्ध सूर वाजवा: २७.५, ५५, ११०, २२०, ४४०, ८८०, १७६०, ३५२० आणि ७०४० हर्ट्झ. सगळे एकाच स्वराचे, नऊ सप्तकांत पसरलेले. मधले मोठ्याने वाजतात, कडेचे हळू, आणि अगदी टोकांचे जेमतेम ऐकू येतात किंवा येतच नाहीत. आवाजाच्या तीव्रतेची ही घंटेच्या आकाराची कमान जागची हलत नाही. आता या नऊही सुरांना पेटीवरच्या एका पट्टीएवढं वर सरकवा, म्हणजे प्रत्येकाची कंपनसंख्या सुमारे १.०५९५ पट करा. मग आणखी एक पट्टी, मग आणखी एक. वर सरकणारा सगळ्यात उंच सूर कमानीच्या टोकाशी विरत जातो, खालच्या टोकाशी नवा सूर इतक्या हळू आवाजात जन्माला येतो की कुणाच्या ध्यानात येत नाही. बारा पट्ट्या चढून झाल्या की जो ढीग हाती उरतो तो हुबेहूब पहिलाच असतो. २७.५ चा झाला ५५, ५५ चा झाला ११०, आणि २७.५ च्या जागी नवा आलेला. आपण बारा पट्ट्या चढलो आणि तसूभरही वर गेलो नाही! रेल्वे स्थानकावरच्या सरकत्या जिन्याचं असंच असतं. खालून पायरी उगवते, वर ती जमिनीत नाहीशी होते, मधली प्रत्येक पायरी खरोखर वरच जात असते आणि जिना मात्र जागेवरच राहतो.

पण कान का फसतो? आंतरकर्णात कॉक्लिया नावाची पिळदार नळी असते. ती उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरेल. तिच्यातल्या पडद्याचं एक टोक उंच सुरांना थरथरतं, दुसरं टोक खालच्या सुरांना. हे दाखवून देणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. तेव्हा शेपर्डचा ढीग कानावर पडला की पडद्यावर एकाच वेळी अनेक ठिकाणी थरथर होते. पुढच्या क्षणी प्रत्येक थरथर किंचित सरकलेली असते. आता मेंदूला ठरवायचं असतं, की नवीन थरथरींपैकी कोणती कोणत्या जुनीची पुढची अवस्था. तो सगळ्यात जवळची निवडतो. एक पट्टी वर हे अंतर अकरा पट्ट्या खाली या अंतरापेक्षा कितीतरी कमी, म्हणून निकाल लागतो, ‘वर गेला’. प्रत्येक वेळी निकाल अचूक असतो. बारा अचूक निकालांची बेरीज मात्र अशक्य ठरते, कारण मेंदू एकूण उंचीचा हिशोब ठेवत नाही, फक्त मागचं पाऊल आणि पुढचं पाऊल जोडतो. मला यातली ही गोष्ट थक्क करते. कुठलंही पाऊल खोटं नाही आणि तरी प्रवास खोटा आहे.

बरं, सूर चढत राहिला तर त्याने जीव का टांगणीला लागावा? इथे माटुंग्याच्या फलाटावर उभं राहून न थांबणारी जलद लोकल जाताना ऐकायला हवी. गाडी जवळ येते तसा भोंग्याचा सूर चढत जातो आणि निघून गेल्यावर उतरतो, असं बहुतेक जण सांगतात. डॉप्लर परिणाम, म्हणजे आवाज करणारी वस्तू जवळ येताना किंवा लांब जाताना तिचा सूर बदललेला ऐकू येणं, हे शिकलेलेही हेच सांगतात, आणि ते चूक आहे. ताशी ८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ मीटर वेगाने गाडी येत असेल, तर भोंगा मुळापेक्षा सुमारे सात टक्के उंच ऐकू येतो. पेटीच्या भाषेत एका पट्टीहून थोडा जास्त. पण तो दुरूनही तेवढाच उंच असतो. वेग बदलला नाही तर जवळ येताना त्याच्या चढण्याचं काही कारणच नाही. गाडी आपल्यासमोरून जाताना तो झपकन उतरतो, साधारण ‘रे’वरून ‘सा’वर. मग चढ कुठून ऐकू आला? वाढला होता तो आवाजाचा मोठेपणा. मेंदूने त्यालाच उंची समजून घेतलं. जॉन न्यूहॉफ आणि मायकेल मॅकबीथ यांनी १९९६ साली प्रयोगांतून हा भास दाखवला.

न्यूहॉफ यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. सारख्याच प्रमाणात वाढणारा आणि कमी होणारा असे दोन सूर लोकांना ऐकवले, तर वाढणाऱ्यातला बदल त्यांना जास्त मोठा वाटतो. जे जवळ येतंय त्याला कान झुकतं माप देतो. जंगलात वाढलेल्या प्राण्याला हे परवडणारं आहे. वाघ आला असं दहा वेळा चुकून वाटलं तरी चालेल, एकदा वाटायचं राहिलं तर संपलं. इथून पुढचं माझं अनुमान: मोठेपणा आणि उंची यांची मेंदूत अशी सरमिसळ असेल, तर चढता सूर आपल्याला ‘येतंय, येतंय’ असंच सांगत असणार. फलाटावर हे ‘येतंय’ चार-पाच सेकंदांत ‘गेलं’ होतं आणि शरीर सैल पडतं. शेपर्डचा सूर ते ‘गेलं’ येऊच देत नाही.

जोकरचं संगीत याच जातकुळीतलं, फक्त जास्त खरबरीत. संगीतकार हान्स झिमर यांनी त्याच्यासाठी धून अशी जवळजवळ ठेवलीच नाही. चेलो या व्हायोलिनच्या जातीच्या मोठ्या वाद्यावरचा ताणलेला सूर हळूहळू घट्ट होत जातो, एवढंच. तारांवर वस्तऱ्याची पाती घासूनही त्यांनी आवाज काढून पाहिले. तानपुरा जुळवताना दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाजात लाटा उठतात, हे गाणं शिकणाऱ्याला ठाऊक असतं. २२० आणि २२४ हर्ट्झ एकत्र वाजले तर सेकंदाला चार लाटा. हा फरक पंधरा-वीसच्या पुढे गेला की लाटा मोजता येत नाहीत, सूर खरखरीत लागतो. ल्यूक आर्नाल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये माणसाच्या किंकाळ्या तपासल्या. सेकंदाला ३० ते १५० चढउतारांचा हा खरखरीत पट्टा साध्या बोलण्यात जवळपास रिकामा असतो आणि किंकाळीत भरलेला. धोक्याचे भोंगेही हाच पट्टा वापरतात. असे आवाज ऐकताना मेंदूतला अमिग्डला हा भाग अधिक जागा होतो, भीतीशी ज्याचा जवळचा संबंध आहे तोच. आपल्या निळू फुल्यांचा तो घशातून सावकाश येणारा जाडाभरडा आवाज आठवा. पडद्यावर त्यांनी काही करायच्या आधीच प्रेक्षक सावध झालेले असायचे.

आता अशा चर्चेत हमखास येणारा विषय. भीतिपटांत ‘ऐकू न येणारी गुप्त फ्रीक्वेन्सी’ मिसळतात आणि ती थेट मेंदूवर काम करते, किंवा ४३२ हर्ट्झचं संगीत मन शांत करतं आणि ५२८ हर्ट्झ डीएनए दुरुस्त करतं, असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. शिकलेली माणसं ते श्रद्धेने पुढे पाठवतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. बहुतेक थिएटरांचे स्पीकर वीस हर्ट्झच्या खाली नीट वाजतच नाहीत. आणि ४३२ मध्ये जादू असती, तर ती हिंदुस्थानी गायकांना सगळ्यात आधी सापडली असती, कारण आपला सा कुठल्याही आकड्याला बांधलेला नाही. कुणी काळी एकमध्ये गातं, कुणी काळी पाचमध्ये, आणि यमन दोन्हीकडे यमनच राहतो. सूर मनावर परिणाम करतो तो इतर सुरांशी असलेल्या नात्यामुळे आणि पुढे काय येणार या अपेक्षेमुळे. एकट्या आकड्यात काही नसतं.

अपेक्षेचा हाच खेळ पटकथेतही आहे. जोकर आपल्या तोंडावरच्या व्रणांची गोष्ट सांगतो. बापाने केलं म्हणतो. प्रेक्षक मनात नोंद करतो: अच्छा, म्हणून हा असा झाला. थोड्या वेळाने तो तीच गोष्ट वेगळी सांगतो, आता त्यात बायको आहे. नोंद खोडावी लागते. शेवटाकडे तो तिसऱ्यांदा सुरुवात करतो आणि ती पुरी होत नाही. दर वेळी उत्तर आलंसं वाटतं आणि हातून निसटतं. ज्या खलनायकाचं बालपण दिग्दर्शक नीट समजावून देतो त्याच्याविषयी सहानुभूती वाटते, पण दरारा ओसरतो, असं मला ठामपणे वाटतं. मेंदूला त्याचा पुढचा डाव ओळखता येऊ लागतो.

आणि तो लक्षात का राहतो? लॅरी कॅहिल आणि जेम्स मॅगॉ यांच्या गटाने १९९४ मध्ये एक प्रयोग केला. लोकांना चित्रांच्या आधारे एक गोष्ट सांगितली, जिच्या मध्यावर एका मुलाला भीषण अपघात होतो. आठवड्याने विचारलं, तर तो मधला भाग सगळ्यात स्पष्ट आठवत होता. पण ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं, त्यांच्या बाबतीत अपघाताला मिळणारा हा जास्तीचा ठसा उमटला नाही. दुसऱ्या काही जणांना सांगितलेली साधी, बिनअपघाताची गोष्ट मात्र औषध घेतलेल्यांनाही इतरांसारखीच आठवली. रक्तदाबासाठी आजही वापरलं जाणारं हे औषध अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिन यांचं काम रोखतं. म्हणजे भेदरलेल्या क्षणी शरीरात जी रसायनं सुटतात, तीच अमिग्डलामार्फत आठवणीवर ‘हे जपून ठेव’ असा शिक्का मारतात. जोकर पडद्यावर येतो तेव्हा चेलोने हे काम आधीच सुरू केलेलं असतं. लेजर यांचा अभिनय अप्रतिम आहेच, पण तो तापलेल्या लोखंडावर पडतो.

शेपर्डचा सूर घरीही करून पाहता येतो. ऑडॅसिटी हे आवाजाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. वर दिलेले नऊ आकडे घेऊन, मधले मोठे आणि कडेचे बारीक ठेवून, एक ढीग बनवा. मग दुसरा ढीग करताना प्रत्येक आकड्याला १.४१४ ने गुणा: ३८.९, ७७.८, १५५.६ असे. हा पहिल्याच्या बरोबर सहा पट्ट्या वर, म्हणजे ‘सा’नंतर तीव्र मध्यम. सहा पट्ट्या वर आणि सहा पट्ट्या खाली अंतर सारखंच, तेव्हा ‘जवळचा निवड’ हा मेंदूचा नियम इथे लंगडा पडतो. डायना ड्यूट्श यांनी १९८६ साली दाखवलं, की अशी जोडी ऐकवली तर काहींना सूर ठामपणे चढलेला वाटतो आणि शेजारी बसलेल्यांना तितक्याच ठामपणे उतरलेला. पुढे त्यांना कॅलिफोर्नियात वाढलेल्या आणि दक्षिण इंग्लंडमध्ये वाढलेल्या श्रोत्यांची उत्तरं बरीचशी उलटी आढळली. लहानपणी कानावर पडलेल्या बोलण्याच्या चढउतारांशी त्याचा संबंध असावा असं त्यांचं म्हणणं. तुमच्या घरात मालवणी बोलणारी आजी आणि वऱ्हाडी बोलणारा जावई असेल, तर दोघांना एकाच वेळी ही जोडी ऐकवा, आणि उत्तर एकमेकांना न दाखवता कागदावर लिहायला सांगा.