झुलू आणि स्वाझी मौखिक इतिहास : सांगणारे आणि टिपणारे

दक्षिण आफ्रिकेचा क्वाझुलू-नाताल प्रांत आणि त्याच्या उत्तरेला असलेला इस्वातिनी (२०१८ पर्यंत स्वाझीलँड) या प्रदेशाचा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा इतिहास मुख्यतः तेथील लोकांच्या स्मरणातून आपल्यापर्यंत पोहोचला. लिखित पुरावा आहे तो बहुतेक युरोपीय व्यापारी, मिशनरी आणि अधिकाऱ्यांचा. ही स्मरणे १८६०च्या दशकापासून कागदावर आणि पुढे ध्वनिफितींवर उतरवली गेली. ग्रंथालयांच्या याद्यांत हे संग्रह टिपणाऱ्यांच्या नावांनी नोंदलेले असतात. पण त्यांचा ऐवज रचला तो सांगणाऱ्यांनी, आणि म्हणून या नोंदीत त्यांना आधी जागा दिली आहे.

झुलू समाजात भूतकाळ जपण्याच्या अनेक रीती होत्या. राजे, सरदार आणि मातब्बर पुरुषांची स्तुतिकवने म्हणजे इझिबोंगो. ती दरबारात म्हणणारा इंबोंगी राजाची स्तुती करता करता त्याची चूकही बोलून दाखवू शकत असे. मराठी वाचकाला पोवाडा आठवेल, पण पोवाड्यात प्रसंग क्रमाने उलगडतो, तर इझिबोंगोत उपमा, टोपणनावे आणि लढायांचे उल्लेख झपाट्याने एकामागून एक येतात. ज्याला प्रसंग आधीच ठाऊक आहे त्यालाच त्यांचा पूर्ण अर्थ लागतो. त्यामुळे कवनाबरोबर ते उलगडून सांगणारा जाणकारही लागे. त्याशिवाय घराण्यांच्या वंशावळी होत्या, कुळांची गौरवनामे होती, आणि वडीलधाऱ्यांनी घरात सांगितलेल्या हकिकती होत्या. कालगणनेसाठी इसवी सनाची गरज नव्हती. समवयस्क तरुणांची एक पलटण, म्हणजे इबुथो, राजाच्या हुकमाने उभी राही. आपण कोणत्या इबुथोत होतो, बाप कोणत्या इबुथोत होता, एवढ्यावरून माणसाचे वय आणि घटनांचा क्रम ठरवता येत असे. आजही अभ्यासक याच धाग्याने तारखा जुळवतात.

या स्मरणांच्या पहिल्या मोठ्या नोंदी नातालमधील स्प्रिंगव्हेल येथे मिशनरी हेन्री कॅलवे यांनी केल्या. १८६०च्या दशकात त्यांनी झुलू कथा आणि धर्मकल्पनांवरील मजकूर प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्याची मांडणी जपून केलेली होती. एका बाजूला सांगणाऱ्याची झुलू वाक्ये आणि शेजारी इंग्रजी भाषांतर असे ते छापत. पूर्वज, स्वप्ने, भविष्यवेत्ते यांविषयीची त्यातील बरीच निवेदने म्पेंगुला म्बांडा या एकाच माणसाची आहेत. म्बांडा ख्रिस्ती झाले होते आणि १८७१ मध्ये त्यांना धर्मसेवकाची दीक्षा मिळाली. सोडलेल्या श्रद्धेविषयी ते ज्या बारकाईने बोलतात ते वाचताना लक्षात येते की हा माणूस नुसती माहिती पुरवत नव्हता, स्वतःच्या समाजाचा विचार करत होता.

सर्वांत मोठा संग्रह जेम्स स्टुअर्ट (१८६८–१९४२) यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा जन्म पीटरमारित्झबर्गचा. झुलू भाषा त्यांना लहानपणापासून येत होती. स्वाझीलँडमध्ये त्यांनी ब्रिटिश प्रतिनिधीचा दुभाषा म्हणून काम केले आणि पुढे नाताल वसाहतीत दंडाधिकारी झाले. १८९७ ते १९२२ या काळात त्यांनी जवळपास २०० लोकांशी बोलून त्यांचे म्हणणे वह्यांत आणि सुट्या कागदांवर टिपले, काही झुलूत तर काही इंग्रजीत. त्यामागे नुसते कुतूहल नव्हते. झुलूंवर राज्य करायचे तर त्यांच्याच जुन्या व्यवस्थेतून करावे आणि त्यासाठी ती समजून घ्यावी, असे त्यांचे मत होते. १९०६ मध्ये नातालमधील झुलूंनी वसाहतीच्या सरकारविरुद्ध उठाव केला, त्या बंबाथा बंडात ते सरकारच्या बाजूने गुप्तवार्ता अधिकारी होते आणि १९१३ मध्ये त्यांनी त्या बंडाचा इतिहासही लिहिला. (याच बंडात गांधीजींनी भारतीयांचे जखमी वाहून नेणारे पथक उभारले होते, आणि त्या पथकाच्या वाट्याला मुख्यतः जखमी झुलूंची शुश्रूषा आली.) स्टुअर्ट वसाहतीचा माणूस होता हे विसरून त्यांच्या वह्या वाचता येत नाहीत. पण तेवढ्यावर त्या बाजूलाही ठेवता येत नाहीत, कारण त्यांत बोलणारे वेगळे आहेत.

त्यांतले पहिले नाव न्दुक्वाना का म्बेंग्वाना. (‘का’ म्हणजे अमक्याचा मुलगा किंवा मुलगी.) न्दुक्वाना स्टुअर्टच्या हाताखाली नोकरीत होते. जमीन, लग्न, पलटणी, राजाचा अधिकार अशा विषयांवर ते स्वतः बोलले. इतरांच्या मुलाखतींतही ते हजर असत, दुरुस्त्या सुचवत, शंका काढत, विसरलेले नाव आठवून देत. अनेक पानांवर एक सांगतो, दुसरा अडवतो आणि स्टुअर्ट दोघांचेही लिहून घेतो, अशी तिघांची बैठक दिसते. झुलू राज्याच्या रचनेविषयी आज जे लिहिले जाते त्यातील बराच भाग न्दुक्वानाच्या शब्दांवर उभा आहे. त्यांना साधनव्यक्ती म्हणणे अपुरे वाटते. ते त्या विषयाचे अभ्यासकच होते.

न्गकोबो कुळातील सोक्वाचा का फाफू यांच्याशी स्टुअर्टची संभाषणे १८९७ ते १९२२ अशी संपूर्ण पंचवीस वर्षे चालली. एकच हकीकत त्यांनी वेगवेगळ्या वर्षी सांगितलेली सापडते आणि दोन कथनांमधले फरकही दिसतात. मौखिक परंपरा पिढ्यान्‌पिढ्या शब्दशः तशीच राहते हा समज इथे टिकत नाही. सांगणारा ऐकतो, पडताळतो, नवे जोडतो.

जांची का नोंगिला यांचा वारसा निराळा. त्यांचे वडील नोंगिला राजांचे हेर होते. राजा सेन्झांगाखोना आणि त्याचा मुलगा, झुलू राज्य उभारणारा शाका, यांच्या काळातल्या गोष्टी जांचींनी थेट त्यांच्याकडून ऐकल्या होत्या. म्पाचाना का सोदोंदो उव्हे पलटणीतले. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांड्लवाना येथे झुलू सैन्याने ब्रिटिशांचा पराभव केला, त्या लढाईविषयी विजेत्यांच्या बाजूने बोलणारे फार थोडे आवाज कागदावर आले आणि म्पाचाना त्यांतले एक. बलेका का म्पितिकाझी या क्वाबे कुळातल्या स्त्रीने १९१९ मध्ये वडिलांकडून ऐकलेल्या शाकाच्या काळातील हकिकती सांगितल्या. क्वाबेंना शाकाने जिंकून अंकित केले होते, त्यामुळे तिच्या बोलण्यातला शाका गौरवगीतांतल्या शाकाहून वेगळा आणि भयंकर आहे. स्टुअर्टने बोलते केलेल्यांत स्त्रिया मोजक्याच होत्या. या संग्रहातली सर्वांत मोठी उणीव मला तीच वाटते. राजवाड्यातील स्त्रियांची सत्ता, माहेरची कुळे, सासुरवाशिणींनी वाहून आणलेल्या आठवणी यांचा बराच भाग त्यामुळे नोंदला गेला नाही.

स्टुअर्टने या संभाषणांतून तयार केलेली पाच झुलू वाचनपुस्तके १९२३ ते १९२६ मध्ये निघाली आणि शाळांत गेली. त्याच सुमारास मागेमा फुझे यांनी वेगळा मार्ग धरला. ते नातालचे बिशप कोलेंझो यांच्या छापखान्यात घडलेले मुद्रक. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेल्या झुलू राजा डिनुझुलू यांचे ते काही काळ चिटणीस होते. काळे लोक कोठून आले, या विषयावरचे त्यांचे झुलू पुस्तक १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मातृभाषा झुलू असलेल्या लेखकाचे ते झुलूतील पहिले पुस्तक मानले जाते. कोणा टिपणाऱ्याची वाट न पाहता मौखिक परंपरा स्वतः लिहून काढण्याचे ते धाडस होते.

स्टुअर्टच्या मृत्यूनंतर त्यांची कागदपत्रे दरबानच्या संग्राहक किली कॅम्पबेल (१८८१–१९६५) यांच्याकडे आली. त्यांचे ग्रंथालय आज क्वाझुलू-नाताल विद्यापीठाचा भाग आहे. कॉलिन वेब आणि जॉन राइट या इतिहासकारांनी त्या कागदांचे संपादन करून पहिला खंड १९७६ मध्ये काढला. १९९२ मध्ये वेब वारले, काम राइट यांनी पुढे नेले, आणि सहावा खंड २०१४ मध्ये आला. खंडांतली मांडणी सांगणाऱ्यांच्या नावांनुसार, वर्णानुक्रमे आहे. हा निर्णय फार महत्त्वाचा ठरला, कारण विषयवार मांडणीत न्दुक्वाना आणि बलेका तुकड्यातुकड्यांत विखुरले गेले असते.

१९८८ मध्ये इतिहासकार ज्युलियन कॉबिंग यांनी या पायावरच घाव घातला. शाकाच्या काळातील उलथापालथीचे (युद्धे आणि स्थलांतरे शाकामुळेच झाली, असे) प्रचलित चित्र वसाहतवाद्यांनी स्वतःची गुलामखरेदी आणि जमीनलूट झाकण्यासाठी रचले, आणि स्टुअर्टचा संग्रहही त्या दोषातून मुक्त नाही, असे त्यांचे म्हणणे. या आरोपाने सगळ्यांनाच पुरावे पुन्हा तपासायला लावले, हा त्याचा मोठा लाभ. पण इतिहासकार कॅरोलिन हॅमिल्टन यांनी दाखवून दिले की शाकाविषयीची परस्परविरोधी मते झुलू समाजात आधीपासूनच नांदत होती. जिंकलेल्या आणि जिंकणाऱ्या कुळांच्या आठवणी कधीच एक नव्हत्या, आणि स्टुअर्टच्या नोंदींत हा विरोध पुसला गेलेला नाही. हे उत्तर मला पटते.

स्वाझी बाजूला परिस्थिती वेगळी होती. झुलू राज्य १८७९ नंतर मोडले, स्वाझी राजघराणे मात्र टिकले. त्यामुळे इतिहास सांगणे हा तिथे चालू राजकारणाचा विषय राहिला. द्लामिनी राजवंशाबरोबर आलेली कुळे, त्यांच्या आधीपासून त्या भूमीवर असलेली एमाखांड्झांबिली कुळे आणि नंतर आश्रयाला आलेली कुळे, अशी विभागणी स्वाझी लोक स्वतःच करतात. मागागुलांसारख्या जुन्या कुळातला वृद्ध आणि राजकुळातला वृद्ध एकाच घटनेविषयी एकसारखे बोलेल अशी अपेक्षाच चुकीची. उत्तराधिकाराचे वाद तर आणखी नाजूक, आणि वडीलधाऱ्यांसमोर एकट्याने त्यांवर बोलायला कोणी धजत नसे. मानवशास्त्रज्ञ हिल्डा कूपर यांना १९३०च्या दशकात तिथे काम करता आले ते राजा सोभूझा दुसरे यांच्या पाठिंब्यामुळे. राजांचे खाजगी चिटणीस राहिलेले जे. एस. एम. मात्सेबुला यांनी १९७२ मध्ये स्वाझीलँडचा इतिहास लिहिला, त्यात दरबाराची दृष्टी स्पष्ट आहे. इतिहासकार फिलिप बॉनर यांनी १९७० मध्ये गावोगावच्या वृद्धांशी बोलून मुलाखती जमवल्या, आणि हॅमिल्टन १९८३ मध्ये त्याच वाटेने गेल्या. त्यानंतर लोबांबा येथील राष्ट्रीय अभिलेखागारात मौखिक इतिहासाचा प्रकल्प उभा राहिला. स्वाझी दुभाषे आणि मुलाखतकार यांच्याशिवाय यातले काहीच झाले नसते. कोणाकडे आधी जायचे, कोणत्या मुखियाची परवानगी घ्यायची, कोणता प्रश्न चारचौघांत विचारायचा नाही, हे त्यांनाच ठाऊक होते.

स्टुअर्ट खंडांतील मजकूर मुख्यतः इंग्रजी भाषांतरात छापलेला आहे. म्हणजे सोक्वाचाच्या वंशजाला पूर्वजाचे मूळ झुलू बोल वाचायचे तर हस्तलिखित वह्यांकडेच जावे लागते. केप टाऊन विद्यापीठात हॅमिल्टन यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘फाइव्ह हंड्रेड इयर आर्काइव्ह’ या प्रकल्पाने वसाहतपूर्व काळाची अशी साधने डिजिटल रूपात एकत्र आणायला घेतली आहेत. प्रत्येक कागदाबरोबर तो कोणी सांगितला, कोणी लिहिला, कोणाच्या हातातून गेला आणि कोणी संपादित केला याची नोंदही तिथे ठेवली जाते.