कण्यावरचे नाव : मोल्सवर्थ की मोलेसवर्थ?

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या जुन्या प्रती आमच्याकडे नव्या बांधणीसाठी येतात, आणि कण्यावर सोनेरी अक्षरे उठवण्याची वेळ आली की नाव ‘मोल्सवर्थ’ लिहायचे की ‘मोलेसवर्थ’, असा प्रश्न ग्राहक हमखास विचारतात. त्याचे उत्तर या आडनावाच्या मूळ गावात सापडते.

इंग्लंडच्या पूर्व भागात, पूर्वीच्या हंटिंगडनशायरमध्ये आणि आताच्या केंब्रिजशायरमध्ये, मोल्सवर्थ नावाचे लहानसे खेडे आहे. १०८६ सालच्या ‘डूम्सडे बुक’ या जमिनीच्या पाहणीत त्याची नोंद आहे. आपल्याकडे गावाला ‘कर’ लावून आडनाव होते, तेथे मात्र गावाचे नाव जसेच्या तसे घराण्याला चिकटले. ‘वर्थ’ म्हणजे जुन्या इंग्रजीत कुंपणाने वेढलेली वस्ती, म्हणजे आपली वाडीच म्हणा ना. पहिला भाग ‘मूल’ या व्यक्तिनामाचा असून सातव्या शतकात केंटवर राज्य करणाऱ्या एका राजाचेही हेच नाव होते. त्याला ६८७ मध्ये जाळून मारण्यात आले. थोडक्यात, आडनावाचा अर्थ ‘मूलची वाडी’ असा होतो. मराठी ‘मोल’ आणि इंग्रजीत किंमत या अर्थाचा ‘वर्थ’ यांची जुळणी मोहक असली, तरी तो निव्वळ योगायोग आहे.

‘मूलची’ मधला ‘ची’ जे काम करतो, तेच काम जुन्या इंग्रजीत ‘एस’ हा प्रत्यय करीत असे, आणि त्यातला ‘ए’ तेव्हा स्पष्ट उच्चारला जाई. पुढे तो बोलण्यातून गळाला, लिहिण्यात मात्र राहिला. म्हणून आजच्या इंग्रजी उच्चाराला ‘मोल्सवर्थ’ जवळचे आहे, तर ‘मोलेसवर्थ’ हे लेखनाला धरून आहे.

या घराण्याच्या एका शाखेला कॉर्नवॉलमधील पेनकॅरो येथे १६८९ मध्ये बॅरोनेटपद मिळाले, तर आयर्लंडमध्ये रॉबर्ट मोल्सवर्थ १७१६ मध्ये व्हायकाउंट झाले. मराठी वाचकाला या पदव्यांपेक्षा कॅप्टन जेम्स थॉमस मोल्सवर्थ अधिक जवळचे. जॉर्ज आणि थॉमस कॅंडी यांच्या साह्याने त्यांनी केलेला कोश १८३१ मध्ये आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये मुंबईत निघाली. लोकांनी त्यांना ‘मोलेसरशास्त्री’ केले, आणि त्या नावात तो गळालेला ‘ए’ नकळत परत आला.

वेगळी सूचना नसल्यास आम्ही कण्यावर ‘मोल्सवर्थ’ असे उठवतो. आपल्याला ‘मोलेसवर्थ’ हवे असल्यास प्रत देतानाच पावतीवर तसे लिहून घ्यावे, कारण सोनेरी वर्ख एकदा बसला की कापड खराब न करता तो काढता येत नाही.