शिरोभ्यंग

डोक्याच्या त्वचेला तेल लावून ती बोटांनी चोळण्याची क्रिया. बोलीत डोक्याची मालीश किंवा चंपी. विदर्भाच्या खेड्यांत ती बहुधा न्हाण्याच्या आधी, घरच्या घरी होते.

अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथात डोक्यावर तेल योजण्याचे अभ्यंग (चोळणे), सेक (तेलाची धार), पिचू (तेलात भिजवलेला कापूस) व बस्ती (डोक्याभोवती पट्टा बांधून तेल ठेवणे) असे चार प्रकार असून पुढचा आधीच्याहून गुणकारी मानला आहे. रोज डोक्याला तेल लावणाऱ्यास डोकेदुखी, टक्कल व अकाली पिकलेले केस यांचा त्रास होत नाही आणि झोप सुखाची लागते, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय 5) म्हटले आहे. या विधानाचा काळ वादाचा आहे. या ग्रंथाचा अपुरा भाग नंतर पूर्ण करणाऱ्या दृढबलाने लिहिलेला मजकूर मुख्यतः चिकित्सा, कल्प व सिद्धी या स्थानांतला असल्याने सूत्रस्थानातील हे विधान त्याच्या आधीचे, साधारण इ.स. पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

चोळण्याचा व तेलाचा परिणाम वेगवेगळा मोजावा लागतो. डोक्याच्या आवरणाचे पाच थर असून वरचे तीन एकसंध सरकतात. कपाळाचा व मानेमागचा स्नायू त्यांतील कंडरापटलाला (चिवट पापुद्र्याला) जोडलेला असतो. त्यामुळे चोळल्याने ताणाची डोकेदुखी सैलावते व आराम वाटतो. केसवाढीचा पुरावा तोकडा आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात 9 पुरुषांच्या डोक्याला यंत्राने रोज 4 मिनिटे, 24 आठवडे मालीश केली. केसांची जाडी 0.085 वरून 0.092 मिमी झाली, संख्या मात्र वाढली नाही. खोबरेल केसात शिरते व धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. सूर्यफुलाच्या तेलात हा गुण आढळलेला नाही.

विदर्भात तीळ, एरंडी व पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यात मोहाच्या बियांचे तेल मिळते. मोहाचे तेल व खोबरेल थंडीत गोठतात. जवस मुबलक असले तरी त्याचे तेल हवेने वाळून चिकट होते. केसांत मुरवत ठेवायला ते योग्य नाही. एरंडेल घट्ट असल्याने तिप्पट तीळतेलात मिसळतात.

मध्यम केसांना 10 ते 15 मिली तेल पुरते. वाटी गरम पाण्यात ठेवून ते कोमट करावे, थेट आचेवर नको. मनगटावर थेंब टाकून पाहावा. केसांचे भांग पाडत टाळू, कानांमागे व मानेच्या वर तेल लावावे. नखे न लावता बोटांची पेरे टेकवून त्वचाच हाडावर फिरवावी. बोटे नुसती घसरली तर केस गुंततात व तुटतात. दहा मिनिटे पुरे. ओले केस चोळू नयेत. तासाभराने शिकेकाई किंवा रिठ्याने धुवावे. उन्हाळ्यात तेल तसेच ठेवून शेतात गेल्यास धूळ चिकटते व केसांच्या मुळाशी पुळ्या येतात.

कोंड्यावर तेल हा रूढ उपाय उलटतो, कारण त्यामागची मालासेझिया बुरशी तेलातील मेदाम्लांवरच वाढते. जखम, खरूज किंवा नायटा असल्यास मालीश टाळावी. चंपीनंतर मान झटक्याने वळवून कडकन मोडल्यास मानेतील रोहिणी फाटून पक्षाघात होऊ शकतो. तान्ह्या मुलाची टाळू दाबू नये; पुढची टाळू सामान्यतः दीड वर्षापर्यंत भरते. जुलाब-उलट्यांत ती खोल गेली, तर ते शरीरातील पाणी घटल्याचे लक्षण असते. तेथे तेल निरुपयोगी. जलसंजीवनी पाजत मुलाला तातडीने दवाखान्यात न्यावे.