गाऱ्हाणं कुणी शिकवलं?

तळकोकणात कुठलंही काम देवापुढे नारळ ठेवल्याशिवाय सुरू होत नाही. पेरणी असो, घरभरणी असो, की मुंबईला निघालेला मुलगा असो. जाणता माणूस विडा-नारळ मांडतो आणि आवाज लावतो, "बा देवा म्हाराजा..." एकेक वाक्य संपलं की मागे उभे असलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हेच गाऱ्हाणं. शब्दाचा अर्थ तक्रार असला तरी त्यात तक्रार थोडी आणि मागणं, कबुली जास्त. चुकला-माकला पदरात घे, लेकरांबाळांची राखण कर.

याचं मूळ गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवकार्याच्या परंपरागत व्यवस्थेत आहे. देवळाचा कारभार मानकऱ्यांत वाटलेला. गुरव, घाडी, बारा-पाचाचे मानकरी, ज्याचं त्याचं काम ठरलेलं. गाऱ्हाण्यात ग्रामदैवतांना, म्हणजे रवळनाथाला हाक जाते, सातेरीला जाते (ती कित्येक गावांत वारुळाच्या रूपातच पुजली जाते), मग वाटेवरच्या देवचाराला (गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीला), बांधावरच्या राखणदाराला, मूळपुरुषाला. ज्या घराचा वंश बुडाला, त्या निर्वंशाचीही आठवण काढली जाते. मला हे फार मोठं वाटतं. ज्यांच्या नावाने पाणी द्यायला कुणी उरलं नाही, त्यांना अख्खा गाव हाक मारतो.

आणि हे सगळं पोथीत नाही. पोराच्या हातात आधी तबक येतं, मग मागे उभं राहून "व्हय म्हाराजा" म्हणणं. कुठे थांबायचं, कुठल्या नावानंतर कुठलं नाव घ्यायचं, आवाज कुठे खाली आणायचा, हे वर्षानुवर्षं कानावर पडून अंगात मुरतं. बसून शिकवणं असं नाहीच.

कोकणात लिखित परंपराही मोठी. १८५४ साली कुडाळजवळच्या माणगावात जन्मलेले दत्तसंप्रदायातले टेंबेस्वामी, पावसचे स्वामी स्वरूपानंद, यांची शिकवण ग्रंथांतून दूरवर गेली. स्वरूपानंदांची अभंग ज्ञानेश्वरी कुठेही बसून वाचता येते. गाऱ्हाण्याचं तसं नाही. त्यातली नावं त्याच गावच्या पाणंदीची, त्याच व्हाळाची, म्हणजे ओढ्याची. गावाबाहेर नेलं की अर्धं गळून पडतं.

म्हणूनच त्याला धक्का बसला तो मुंबईमुळे. १८५६ मध्ये तिथे पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढे रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरटी एक-दोन माणसांनी गिरणगाव गाठलं. आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. चाकरमानी गणपतीला, शिमग्याला न चुकता यायचे, पण शिकण्याचं वय गिरणीच्या भोंग्यावर गेलं. १९८२ च्या संपानंतर काही परतले, ते चाळिशी ओलांडून. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर येणं सोपं झालं, मुक्काम मात्र चार दिवसांचाच राहिला.

देवळातलं गाऱ्हाणं बाप्यांनीच घालायचं, ही रीत आजही बहुतेक ठिकाणी आहे. आमच्या वाडीत मागच्या शिमग्याला गाऱ्हाणं घालणारे थोरले काका एका राखणदाराच्या नावापाशी अडले. सगळे गप्प. दोन-तीन पोरांनी मोबाइल वर धरलेले. तेवढ्यात मागून, तुळशीच्या चौथऱ्याजवळ बसलेल्या नव्वदीतल्या आजीने नाव सांगितलं, त्याच चालीत, आणि त्यापुढची तीन नावंही ओळीने. काकांनी मान हलवली, तिची चारही नावं तशीच्या तशी उचलली आणि मागून आवाज आला, "व्हय म्हाराजा!"