स्वार फेकणाऱ्यांचं घराणं

कॅनडातल्या कॅलगरी स्टॅम्पीड या संस्थेचा ग्रेटेड कोकोनट हा घोडा २००३ ते २००९ या सात वर्षांत सहा वेळा व्यावसायिक रोडिओमधला, म्हणजे उसळत्या जनावरांवर स्वारी करण्याच्या काउबॉय स्पर्धांमधला, सर्वोत्तम ‘बेअरबॅक’ (उघड्या पाठीच्या स्वारीचा) घोडा ठरला. त्याचं काम एकच: पाठीवरच्या माणसाला आठ सेकंदांच्या आत जमीन दाखवणं.

या प्रकारात खोगीर नसतं, लगामही नसतो. घोड्याच्या खांद्यामागे आवळलेल्या पट्ट्याची मूठ एका हाताने धरायची. मोकळा हात घोड्याला लागला की स्वार बाद. आठ सेकंद टिकला तर गुण शंभरापैकी, आणि त्यातले निम्मे घोड्याच्या उसळीला. त्यामुळे मवाळ घोडा वाट्याला आला की स्वार हळहळतो!

उभ्या घोड्याचं सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. उसळताना तो मान खाली घालतो, पाठीची कमान करतो आणि सगळा भार पुढे टाकून मागचे पाय झाडतो. स्वाराखाली खांदा खचत असतानाच पुठ्ठा वर येतो, त्यात अंगाला पीळ बसला की तोल गेलाच. एवढ्या थोड्या वेळाची ऊर्जा मुख्यतः स्नायूंतल्या साठ्यातूनच येते: आधी एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट ही लगेच ऊर्जा देणारी रसायनं, पाठोपाठ प्राणवायूशिवाय वापरलं जाणारं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर.

उसळी वाढावी म्हणून मागच्या मांड्यांपुढे, पोटाभोवती बांधतात तो मऊ अस्तराचा पट्टा वादाचा. तो जननेंद्रियं आवळतो ही निव्वळ अफवा. घोड्यांना बांधतात तसाच घोड्यांच्या माद्यांनाही बांधतात. पण त्याचा त्रासच होत नसेल तर बांधता कशाला, हा प्राणिमित्रांचा प्रश्न मला रास्त वाटतो.

तरीही नुसत्या पट्ट्याने विजेता घडत नाही. उसळण्याची ओढ बरीचशी रक्तातून येते, याच भरवशावर कॅलगरी स्टॅम्पीडने १९६१ मध्ये पैदास सुरू केली. त्यांचे कळप अल्बर्टा प्रांतातल्या हॅना गावाजवळच्या माळरानावर वाढतात. ग्रेटेड कोकोनट तिथलाच. आई कोकोनट रोल, बाप वायट अर्प. या धंद्यात तरुण घोड्यांच्या पाठीवर माणसाआधी हलकं डमी बांधून त्यांची पारख करतात. पुढे घोड्याचं मैदानातलं वर्षभराचं काम मिनिटांत मोजण्याइतकंच असतं. ट्रकमधले तास मात्र त्यात कुणी धरत नाही.

ग्रेटेड कोकोनटला खच्ची केलेलं नव्हतं. मैदान सोडल्यावर तो पैदाशीला लागला आणि त्याची शिंगरं मोठी होऊन रोडिओत उतरली.