‘पेशी कमी झाल्यात’, पण कोणत्या?

ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या मुलांमध्ये औषधाने आजार काही काळ मागे हटल्याचं 1948 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. ही केमोची, म्हणजे कर्करोगावरची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. केसांची मुळं, तोंडातलं अस्तर, अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी तयार करणारा गाभा) यांचीही वाढ झपाट्याचीच, म्हणून त्यांनाही झळ बसते. सगळी औषधं मात्र सारखी नाहीत. अमेरिकेत 1963 मध्ये मान्यता मिळालेलं व्हिन्क्रिस्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून आलं. त्याने रक्तातल्या पेशी फारशा घटत नाहीत, नसांना त्रास होतो: शौचाला घट्ट होतं, जबडा दुखतो, मूल पाय ओढत चालतं. (म्हणून घरी सदाफुलीचा काढा कधीच देऊ नये.) केमोमुळे होणाऱ्या उलट्यांचा जोर 1991 नंतर ऑन्डान्सेट्रॉनमुळे पुष्कळ ओसरला.

सांगली-मिरजेकडे खरा घोळ होतो तो ‘पेशी’ या शब्दाचा. डेंग्यूच्या साथींनी घराघरांत एकच अर्थ रुजवला: पेशी म्हणजे प्लेटलेट. त्यामुळे केमोनंतर ‘पेशी कमी झाल्यात’ असं कानावर पडताच पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध सुरू होतं. रिपोर्टमध्ये प्लेटलेट 1,10,000 दिसल्या की घरचे निर्धास्त होतात. त्याच कागदावर चार ओळी वर न्यूट्रोफिल 200 असतात, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. रक्तात त्या जेमतेम दिवसभर टिकतात, प्लेटलेट आठ-दहा दिवस, तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस. अस्थिमज्जेचं काम थंडावलं की पांढऱ्यांचा तुटवडा आधी जाणवतो. बऱ्याच औषधांत डोसनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत त्या तळाला जातात. ल्युकेमियाच्या रुग्णांवरच्या 1966 मधल्या अभ्यासाने दाखवलं, की त्या जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्ग जास्त. 500 च्या खालचा आकडा धोक्याचा धरतात.

अशा वेळी पू धरत नाही, खोकलाही फारसा नसतो, कारण ती लक्षणं उभी करणाऱ्या पेशीच शिल्लक नसतात. कळतं ते बहुधा तापावरूनच. थर्मामीटरवर 100.4 दिसलं की रात्र असली तरी निघायचं, कारण दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. जत-आटपाडीच्या आईबापांनी ‘सकाळच्या एसटीने जाऊ’ म्हणून पॅरासिटॅमॉल दिलं, तर ताप उतरतो आणि संसर्ग आतल्या आत पसरत राहतो.